आधी एका जागी उभी राहा बघू!

किती धास्ती घेतली आहेस गं! मावशीच्या बचत गटाच्या पापडांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय, आणि तू फोन स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या किमती बघत बसली आहेस. खरं सांगू का, गिंबल राहू दे. हातात फोन आहे, घरात खिडकी आहे, भागतंय की.

लाँग, मिड, क्लोज या शब्दांचा बाऊ करू नकोस. बघणाऱ्याला किती जवळ नेऊन बसवायचं, एवढंच ठरवायचं असतं. लाँग शॉटमध्ये अख्खी गच्ची येऊ दे, जुन्या साड्यांवर वाळत घातलेले पापड, राखणीला बसलेली आजी, सगळं. मिड शॉट मावशीच्या कमरेपासून वर घे, म्हणजे ती बोलतानाही दिसेल आणि लाटतानाही. फक्त चौकट मनगटावर किंवा कोपरावर कापू नकोस, हात तुटल्यासारखा दिसतो. आणि क्लोज-अप लाटीचा, लाटण्याचा. पण तो जपून वापर. १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्स लावून त्यातल्या राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर दाखवला होता, त्याचं नाव अजून निघतं. तू दर चार सेकंदांनी डोळे, नाक, बांगड्या दाखवत सुटलीस तर कोण लक्षात ठेवणार?

आता कॅमेरा हलवण्याचं. तुला सगळ्यात आधी तेच करायचंय, माहितीये मला. बघ, चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आहे ना, २०१४चा, त्यात कॅमेरा बहुतेक वेळ लांब एका जागी उभा असतो, तरी नजर हलत नाही आपली. तेव्हा पहिले सगळे शॉट न हलता घे. रेकॉर्डिंग सुरू केलंस की मनात दहापर्यंत मोज, मगच बंद कर. एडिटला बसलीस की मला दुवा देशील.

मग पॅन. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवायचा, किंवा उलट. वर-खाली झुकवला की टिल्ट. युक्ती पायांत आहे गं. पॅन जिथे संपणार तिकडे पाय रोवून उभी राहा, कंबर वळवून सुरुवातीच्या जागेकडे बघ, आणि हळूहळू सरळ हो. म्हणजे शेवटी तोल जात नाही. सुरुवातीला आणि शेवटी थोडं थांबायचंच. माझा पहिला पॅन बघून सासूबाईंनी विचारलं होतं, “भूकंप झाला होता का गं तेव्हा?” त्यामुळे तुझा पहिला थोडा डुगडुगला तरी चालेल.

झूमला मात्र हात लावू नकोस. बोटांनी ताणलेलं चित्र फोन बहुतेक वेळा नुसतं कापून मोठं करतो, मग ते फुटतं. जवळचं हवंय? चार पावलं पुढे जा. चालता चालताच शूट करायचं असेल तर कोपरं अंगाशी, गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. मावशी आणि शेजारच्या काकू समोरासमोर बसून बोलत असतील तर दोघींना जोडणारी एक रेघ आहे असं समज, आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घे. १८० अंशांचा नियम म्हणतात तो हाच. मध्येच पलीकडे गेलीस की कापून जोडल्यावर दोघी एकाच दिशेला बघत बोलताना दिसतात, जणू रुसल्यात. आणि नेमकं हे एडिटमध्ये सावरता येत नाही, म्हणून आधीच ओरडून सांगतेय.

दिव्याच्या उजेडात शूट करताना चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडला म्हणून रडू नकोस. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० कर. नसेल तर दिवा बंद कर आणि मावशीला सरळ खिडकीशी बसव. तिचा चेहराही छान उजळेल.

शूटच्या दिवशी लेन्स पदराने पुसू नकोस हं, पिठाचा असतो तो. मऊ, कोरडं फडकं घे. आणि फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर मावशी रंगात येऊन बोलायला लागली की नेमका गॅसवाल्याचा फोन येतो.