अपघात की अनवधान?

मराठवाड्यातील हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. अकोल्याहून वाशीममार्गे नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. हळदीच्या हंगामात हिंगोली व वसमत येथील बाजारांकडे पोत्यांनी भरलेल्या गाड्या धाव घेतात. महाशिवरात्रीस औंढा नागनाथ येथे यात्रेकरूंची रीघ लागते. मालमोटार, एस. टी., ट्रॅक्टर, रिक्षा, दुचाकी, बैलगाडी आणि पायी चालणारा मनुष्य, हे सारे एकाच रस्त्याचे वाटेकरी असतात. प्रत्येकाची गती निराळी. या निरनिराळ्या गतींचा मेळ जेथे बिघडतो, तेथे अपघात होतो.

अपघात घडला की लोक दैवाला बोल लावतात. परंतु पुष्कळदा त्याचे मूळ मनुष्याच्या अनवधानात असते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. त्यांपैकी शेकडा सुमारे ७१ मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतील होते.

वेग इतका घातक का? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. समोर मूल आलेले चालकास दिसते, तो ब्रेक दाबतो. पण मधल्या क्षणात वाहन तेवढे पुढे गेलेलेच असते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. मद्यपान, झोप व भ्रमणध्वनी यांमुळे चालकाचे भान हरपते आणि तो क्षण अधिकच लांबतो. त्यातच रस्त्यावरील खड्डे, अंधार, वळणावर उभी केलेली वाहने व मोकाट जनावरे यांची भर पडते.

वाहनाचा अयोग्य उपयोग हेही एक कारण आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या मजूर स्त्रिया शेतीकामासाठी ट्रॅक्टरमधून जात असता, नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात तो विहिरीत कोसळला. सात स्त्रियांचा अंत झाला. पोटासाठी सकाळी घराबाहेर पडलेल्या त्या माउल्या परतल्याच नाहीत. सुरक्षित वाहन न मिळणे हीदेखील गरिबीचीच एक व्यथा होय.

मग उपाय कोणता? पदपथ नसेल तेथे पादचाऱ्याने उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. रस्ता ओलांडताना धावू नये. दुचाकीवर शिरस्त्राण घालावे. परवान्याचे वय होण्यापूर्वी वाहन चालवू नये व वडीलधाऱ्यांनीही ते मुलांच्या हाती देऊ नये. कोणी जखमी दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिले आहे. म्हणून भीतीने पाठ फिरवू नये.

रस्ता कोणा एकाचा नसतो. पाच मिनिटे उशिरा पोहोचलेल्या माणसाची घरी वाट पाहणारे कोणी तरी असते. हे ज्याने ओळखले, तो वेग आवरतो.

स्वाध्याय

१. वेग दुप्पट झाल्यास वाहन थांबण्याच्या अंतरावर काय परिणाम होतो?
२. ट्रॉलीतून माणसांची ने-आण करणे धोक्याचे का?
३. आपल्या शाळेच्या वाटेवरील धोक्याच्या जागा हेरून त्यांवर दहा ओळी लिहा.