नटाचा शब्द वेळेवर कानी पडावा म्हणून

प्रश्न : कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांना नाटकाचा आवाज वाय-फायवरून त्यांच्याच मोबाइलवर देण्यासाठी नाट्यगृहातील सध्याचे वाय-फाय पुरेल काय?

उत्तर : बहुधा पुरणार नाही. या सोयीला इंटरनेट लागतच नाही; खरा प्रश्न विलंबाचा असतो, कारण नटाचे ओठ मिटल्यावर शब्द कानी पडू लागला, तर श्रवणसाहाय्याचा त्रासच अधिक होतो. मिक्सरमधून सर्व्हरकडे आलेला आवाज ‘मल्टिकास्ट’ने, म्हणजे एकच प्रवाह सर्वांना मिळून, पाठवल्यास भार कमी पडतो, मात्र वाय-फायवर असे पॅकेट सहसा कमी वेगाने आणि पोच न घेता जाते, त्यामुळे हरवलेले पुन्हा येत नाही, आणि एखादा मोबाइल वीजबचतीच्या अवस्थेत असला, तरी अॅक्सेस पॉइंट ते सर्वांसाठीच रोखून ठेवतो. हा खोळंबा 100 मिलिसेकंद किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. म्हणून प्रत्येक मोबाइलला स्वतंत्र प्रवाह देणारी ‘युनिकास्ट’ पद्धत श्रेयस्कर ठरते. तिचा वाढीव भार पेलण्यासाठी 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा आणि सर्व्हर केबलनेच स्विचला जोडावा. पाहुण्यांच्या नेटवर्कवर उपकरणांना परस्परांपासून अलग ठेवणारी ‘आयसोलेशन’ची सोय सर्व्हरचीही वाट अडवू शकते, तेव्हा त्याला अपवाद करणे अगत्याचे आहे. टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय संकेत टिपणारे वेटोळे, असलेल्या श्रवणयंत्रांसाठी मोबाइलला जोडता येणारे गळ्यातले लूप तिकीट खिडकीवर ठेवलेच पाहिजेत.