नदीचा गाळ आणि काठची जमीन

कर्जत व खालापूर या तालुक्यांत ज्यांची खाचरे नदीकाठी आहेत, त्यांस एक गोष्ट नित्य अनुभवास येते. सातबाऱ्यावर क्षेत्र जसेच्या तसे असते, आकारही तोच असतो. परंतु मोजणी करून पाहावे तर दोन-चार गुंठे नदीने नेलेले असतात, आणि समोरच्या काठी नवी मळई पडलेली असते. महसूल खात्यात कारकुनी करिताना असे तंटे आम्ही पुष्कळ पाहिले. त्या वेळी हा नदीचा लहरीपणा आहे असे आम्हांस वाटे. पुढे लक्षपूर्वक पाहू लागलो, तेव्हा तिच्या वागण्यास नियम आहे असे ध्यानात आले.

उल्हास व पाताळगंगा या दोन्ही नद्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून उतरतात. हा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. ऊन, पाणी व झाडांची मुळे यांच्या योगाने तो फुटतो, कुजतो आणि पावसाबरोबर खाली येतो. हे काम बहुधा कणाकणाने चालते, क्वचित एका रात्रीतही होते. 19 जुलै 2023 रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड आपणांपैकी कोणी विसरला नसेल.

पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यास हलविता येणाऱ्या दगडाचे वजन ठोकळ हिशेबाने 64 पट होते. उलटपक्षी वेग मंदावला की नदी आपले ओझे टाकू लागते. प्रथम गोटे, मग वाळू, शेवटी पोयटा. म्हणूनच घाटाच्या पायथ्याशी पात्रात धोंडे दिसतात, आणि खाडीजवळ निव्वळ चिखल.

हाच नियम वळणावरही लागू आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगास धार जोराची असते. तेथे डोह पडतो व काठ खालून पोखरला जातो. आतल्या अंगास पाणी संथ असते. तेथे मळई साचते. शिवाय पूर ओसरताना भिजून जड झालेल्या काठास पाण्याचा आधार उरत नाही, म्हणून पुष्कळदा तो त्याच वेळी ढासळतो. पूर उतरला, आता भय नाही, असे समजून कोणी काठावर उभे राहू नये.

आमच्या पाहण्यातील एका खातेदाराने काठची करंजे तोडून खाचर चार हात वाढविले. तिसऱ्या पावसाळ्यात ते चार हात तर गेलेच, पण वडिलोपार्जित बांधही गेला. मुळे हीच काठाची खरी बांधणी होय. यास्तव बाहेरच्या वळणावर नांगर काठापर्यंत नेऊ नये. करंज, निर्गुडी, कळक व वाळा यांचा पट्टा राखावा. काठालगतची वाळू उपसू देऊ नये, कारण पात्र खोल गेले की काठाचा पाया उघडा पडतो. एकट्याने दगडी बांध घातल्यास धार समोरच्याच्या शेतावर लोटली जाते. दोन्ही गावांनी मिळून विचार करावा.

जमीन वाहून गेल्यास तलाठ्याकडे लेखी अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 यात अशा जमिनीच्या आकारात सूट मिळण्याची तरतूद आहे. मळईविषयीही नियम आहेत. मळईवर पाऊस सरल्यावर वालाचे पीक खुशाल घ्यावे, पण तिच्या भरवशावर घर बांधू नये. नदीने आणून दिलेले ती केव्हाही परत मागते.