सशाचे खाणे : लाड कमी, गवत जास्त



मुलांच्या हट्टापायी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पांढरा ससा येतो. मग जो तो कौतुकाने त्याच्यापुढे काहीतरी टाकतो. कोणी भाकरी, कोणी बिस्कीट, कोणी गुळाचा खडा. आमच्याही घरी असेच चालले होते. एका संध्याकाळी सशाने खाण्याकडे तोंड फिरवले. "खाईल उद्या," म्हणून आम्ही झोपलो. सकाळी पाहतो तो ससा मेलेला. त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते येथे मांडीत आहोत.

ससा गाईसारखा रवंथ करीत नाही. त्याच्या पोटात मोठे आंधळे आतडे असते. तेथे सूक्ष्म जंतू चारा आंबवतात. त्यातून होणाऱ्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो. ही घाण सवय नव्हे. त्यातून त्याला प्रथिने व 'ब' जीवनसत्त्वे मिळतात. मात्र हे सारे तंतुमय चाऱ्यावर चालते. ऊस आला नाही की गाळप थांबते, तसेच गवत कमी पडले की आतड्याची चाल मंदावते. पीठ-साखर जास्त झाली की पोट फुगते आणि सशाला उलटीही होत नाही. शिवाय त्याचे दात जन्मभर वाढतात. ते गवत चावूनच झिजतात.

रोजचा आहार असा ठेवावा :

१) वाळलेले गवत चोवीस तास पुढे असावे. पोटात जाणाऱ्या खाण्यात सुमारे ८० टक्के गवतच हवे. हरळी, मारवेल उत्तम. बुरसटलेले गवत देऊ नये.

२) कोथिंबीर, मुळ्याचा पाला यांसारखी भाजी धुऊन, मूठभर द्यावी. गाजर गोड असते; एखादी चकती पुरे.

३) लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो. सहा महिन्यांनंतर तो कमी करावा. त्यात कॅल्शियम जास्त असल्याने लघवीत खडे होण्याचा धोका असतो.

४) कांदा, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला कधीच नको.

५) स्वच्छ पाणी कायम हवे. खाण्यातला बदल आठवडाभर हळूहळू करावा.

एक गोष्ट आपल्या रानापुरती. उसात तणनाशक मारले असेल, तर त्या सरीतले किंवा बांधावरचे गवत सशाला आणू नका. तोडणीच्या वेळी फडात रानसशाचे पिल्लू दिसले, तर तेही घरी आणू नका. त्याची आई परत येते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे हा गुन्हा आहे.

बारा तास सशाने काही खाल्ले नाही, लेंडी टाकली नाही, तर आमच्यासारखे उद्यावर ढकलू नका. लगेच पशुवैद्याकडे न्या. रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्या किती व कशा आहेत ते बघत चला, म्हणजे दुखणे वेळेवर कळेल.