मँगनीज, उष्णता आणि परिवलन प्रवाह

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादासाठी आणि टॉर्चच्या सेलसाठी मँगनीज लागते, हे सर्वश्रुत आहे. परंतु मँगनीज, जस्त व लोह यांची शुद्ध ऑक्साइडे एकत्र भाजली असता 'फेराइट' हा चुंबकीय पदार्थ तयार होतो आणि उष्णतेपासून वीज मिळविण्याच्या संशोधनात त्याला स्थान लाभले आहे, ही गोष्ट फारशी परिचित नाही.

इलेक्ट्रॉनला विद्युतभाराबरोबरच 'परिवलन' अथवा स्पिन हा गुणधर्म असतो. त्यामुळे तो सूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागतो. चुंबकीय पदार्थात असे असंख्य चुंबक शिस्तीने उभे असतात. पदार्थाची एक बाजू तापविली व दुसरी थंड ठेवली की त्यांच्यातून लहरी जातात. वाऱ्याने धानाच्या शेतावरून लाट जाते, रोपे मात्र जागीच राहतात, तसाच हा प्रकार होय. हाच परिवलन प्रवाह. पदार्थावर प्लॅटिनमचा पातळ थर दिल्यास त्यात या प्रवाहापासून विद्युतदाब निर्माण होतो. जपानमधील उचिदा, साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिणाम २००८ मध्ये निकेल-लोह मिश्रधातूत आणि २०१० मध्ये मँगनीज-जस्त फेराइटमध्ये दाखवून दिला.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. दोन बाजूंच्या तापमानांतील फरक वाढला की विद्युतदाब वाढतो. परंतु संपूर्ण पदार्थच तापत गेला, तर सूक्ष्म चुंबकांची शिस्त ढळते आणि 'क्यूरी तापमाना'ला ती नाहीशी होते. यिट्रियम-लोह गार्नेट या पदार्थात ही मर्यादा सुमारे २८० अंश सेल्सिअस आहे. तिच्या जवळ जाताना परिवलन प्रवाहाचा परिणाम चुंबकत्वापेक्षाही वेगाने घटतो. उलट, तापमान शून्याखाली सुमारे २०० अंशांपर्यंत उतरविल्यास लहरींना अडथळे कमी होऊन परिणाम वाढतो. त्याहून अधिक थंडीत लहरीच विरळ होतात व तो पुन्हा घटतो.

कारखान्यांतील वाया जाणारी उष्णता उपयोगात आणावयाची, तर त्या तापमानास टिकणारा पदार्थ निवडणे अगत्याचे ठरते. आज मिळणारा विद्युतदाब अत्यल्प असल्याने हे संशोधन अद्याप प्रयोगशाळेतच आहे.

शिक्षकांना यातील मूलतत्त्व लोहाराच्या भट्टीपाशी दाखविता येईल. लोखंडाचे क्यूरी तापमान ७७० अंश आहे. त्यापलीकडे तापलेला लालबुंद खिळा चुंबकाकडे ओढला जात नाही. निवल्यावर पुन्हा ओढला जातो. मात्र तापलेला खिळा लांब चिमट्याने शिक्षकांनीच हाताळावा. उष्णता परिवलन प्रवाहाला जन्म देते आणि मर्यादा ओलांडताच तीच त्याचा आधार काढून घेते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर त्यातून सहज ठसेल.