पिकअप गाडीवरील छत आणि केबिनची खिडकी

शेतमाल पिकविणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो सुस्थितीत बाजारपेठेत पोहोचविणेही महत्त्वाचे होय. एके काळी बैलगाडीवर बांबूच्या तट्ट्याचे आच्छादन घालून शेतकरी आपल्या मालाचे ऊन-पावसापासून रक्षण करीत असे. आज त्या गाडीची जागा पुष्कळ ठिकाणी पिकअप गाडीने घेतली आहे. टोमॅटो, पालेभाज्या, फुले, द्राक्षे असा नाजूक माल रातोरात दूरच्या बाजारात न्यावयाचा असल्याने अनेक गाडीमालक हौद्यावर कायमचे छत बसवून घेतात. काहीजण त्यापुढे जाऊन केबिनच्या पाठीमागील भिंतीत खिडकी किंवा मार्ग ठेवण्याचा आग्रह धरतात. माल नजरेखाली राहावा, बाजारात रात्रीचा मुक्काम पडल्यास खाली न उतरता मागे जाऊन पडता यावे, असा त्यामागील हेतू असतो.

ही कल्पना मूळची अमेरिकेतील आहे. तेथे पिकअप हेच शेतकऱ्याचे नित्याचे वाहन असून हौद्यावर बंद छत चढवून प्रवासात मुक्काम करण्याची पद्धत रूढ आहे. केबिनची मागील काच व छताची पुढील खिडकी समोरासमोर ठेवून त्यांमध्ये रबरी जोड बसविण्यात येतो. सोय म्हणून ही रचना आकर्षक वाटते. परंतु तिचे अनुकरण करण्यापूर्वी वजन, जोड, धूर व कायदा या चार गोष्टींचा विचार होणे अवश्य आहे. यांपैकी धुराची बाब जीविताशी निगडित असल्याने तिचा येथे विशेष विस्ताराने विचार केला आहे.

छताचे वजन

छत गाडीवर कायमचे राहते, म्हणून त्याचे वजन प्रत्येक खेपेस मालाच्या वजनातून वजा होते. हा हिशेब कारखान्यात काम सांगण्यापूर्वीच करावा. उदाहरणार्थ, हौदा २.५ मीटर लांब व १.७ मीटर रुंद आहे आणि त्यावर १.२ मीटर उंचीचे छत करावयाचे आहे असे समजू. वरची बाजू, दोन्ही कडा, पुढची भिंत व मागील दार मिळून सुमारे १४.३ चौरस मीटर पत्रा लागेल. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ७.८५ किलो असते. म्हणजे केवळ पत्राच सुमारे ११२ किलो भरतो. त्यात चौकोनी नळीच्या सांगाड्याचे ५० किलो मिळविल्यास एकूण वजन १६० किलोंच्या पुढे जाते. वीस किलोंचे एक क्रेट धरल्यास आठ क्रेट टोमॅटोची जागा छतानेच खाल्ली, असा याचा अर्थ होतो.

याउलट, पाच कमानी व तीन आडव्या नळ्या यांचा सांगाडा करून त्यावर चांगली ताडपत्री ताणल्यास सर्व मिळून ४० ते ४५ किलोंत काम भागते. शिवाय असा सांगाडा नट-बोल्टने बसविल्यास हंगाम संपताच काढून ठेवता येतो. बहुतेक शेतकऱ्यांच्या गरजेला हाच प्रकार पुरेसा आहे.

वजन किती यासोबत ते कोठे आहे हेही पाहिले पाहिजे. उंचावर आलेले वजन वळणावर गाडीस बाहेरच्या बाजूस ओढते. घाटातून ये-जा करणाऱ्या गाडीचे छत केबिनच्या टपापेक्षा फार उंच ठेवू नये. जड क्रेट खाली व हलके वर, ही रचना छत असलेल्या गाडीत अधिकच कटाक्षाने पाळावी.

केबिन व हौदा यांचा जोड

सामान्यतः पिकअपची केबिन व हौदा हे चेसिसवर स्वतंत्रपणे बसविलेले असतात. दोहोंमध्ये थोडी फट असते. गाडी खाचखळग्यांतून जाताना चेसिस पिळवटते. त्या वेळी केबिन एका बाजूस व हौदा दुसऱ्या बाजूस किंचित कलतो. ही फट निरुपयोगी नाही. तिच्यामुळेच दोन्ही भाग न तडकता टिकतात. छत केबिनला वेल्डिंगने पक्के जोडल्यास हा पीळ जोडावर येऊन पत्रा फाटतो, काच तडकते व पावसाचे पाणी आत शिरते. म्हणून अमेरिकेतील रचनेतही हा जोड लवचिक रबराचाच ठेवतात.

दुसरी गोष्ट अशी की, केबिनची पाठीमागील भिंत हे चालकाचे संरक्षण आहे. अचानक ब्रेक लावल्यास हौद्यातील माल वेगाने पुढे सरकतो. तो अडविण्याचे काम ही भिंत करते. तिला मोठे भोक पाडल्यास केबिन दुर्बळ होते आणि सरकलेला माल थेट चालकाच्या पाठीवर येऊ शकतो. यास्तव भिंत कापून ये-जा करण्याचा मार्ग काढणे इष्ट नव्हे. माल नजरेखाली ठेवण्यासाठी मूळच्या मागील काचेसमोर छताच्या पुढील भिंतीत न उघडणारी जाड सुरक्षा-काच बसवावी व तिच्यापुढे लोखंडी गजांची जाळी लावावी. हौद्यात पोहोचण्यासाठी छताच्या डाव्या बाजूस, केबिनलगत एक लहान दार ठेवावे. खाली उतरण्याचे श्रम पडतात हे खरे. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने ते अल्प होत.

न दिसणारा धोका

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो शरीरात गेला की रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो व शरीराचा प्राणवायू तोडतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. पुढे गुंगी येऊन मनुष्य बेशुद्ध होतो. झोपलेल्या माणसाला तर यांपैकी कोणतीच सूचना मिळत नाही. पेट्रोलच्या इंजिनापेक्षा डिझेल इंजिनातून हा वायू कमी बाहेर पडतो, परंतु मुळीच पडत नाही असे नाही. सीएनजीवरील गाडीही त्याला अपवाद नाही.

धूर मागून बाहेर जातो, मग तो आत कसा येईल, अशी शंका पुष्कळांना येते. त्याचे उत्तर असे: धावत्या गाडीच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथे हवा भोवऱ्यासारखी फिरू लागते. धुराच्या नळीतून निघालेला वायू या भोवऱ्यात सापडतो व मागील दाराच्या फटींतून छताखाली ओढला जातो. अशा वेळी केबिनच्या बाजूची काच उघडी असली, तर बाहेरून वेगाने जाणारा वारा केबिनमधील हवा खेचून घेतो. केबिन व छत यांमध्ये खिडकी उघडी असल्यास ती ओढ थेट मागील दारापर्यंत पोहोचते आणि मागचा धूर हौद्यातून चालकाच्या नाकाशी येतो. सोयीसाठी केलेली खिडकी अशा रीतीने धुराची वाट बनते.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील सिॲटल येथील वैद्यकांनी १९९२ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या मुलांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपघाताने बाधा झालेल्या ६८ मुलांपैकी २० मुले पिकअपच्या हौद्यात बसून प्रवास करीत होती. त्यांतील १७ मुले टणक बंद छताखाली, तर तीन ताडपत्रीखाली होती. वीसपैकी १५ मुले बेशुद्ध पडली. एक दगावले व एकास कायमची मेंदूची इजा झाली. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सर्वच्या सर्व २० प्रसंगी गाडीच्या धुराच्या नळीत आधीच माहीत असलेली गळती होती, अथवा नळीचे तोंड बाजूस नसून मागे होते. ताडपत्रीखालीही बाधा झाली, हे ध्यानात घेता छत हलके आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

आपल्याकडे मजूर, लग्नाचे वऱ्हाडी, यात्रेकरू व शाळकरी मुले यांना हौद्यात बसवून नेण्याचा प्रघात अनेक गावांत दिसतो. मालवाहू गाडीत अशी माणसे नेण्यास कायद्याने मनाई आहेच. बंद छताखाली तर ते प्राणाशी खेळणे होय.

हवा खेळती ठेवणे

येथे एक अडचण उत्पन्न होते. धूर येऊ नये म्हणून छत बंद हवे. पण काढणीनंतरही भाजीपाला श्वसन करीतच असतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि हवा कोंडल्यास माल खराब होतो. यावर उपाय असा की, हवेची वाट पुढून व उंचावरून द्यावी. छताच्या पुढील भिंतीत, केबिनच्या टपाच्या वर, जाळी लावलेले झरोके ठेवावेत. हवा बाहेर पडण्यासाठी दोन्ही बाजूंस, वरच्या अंगास झरोके असावेत. मागील दारात खालच्या बाजूस एकही फट राहू देऊ नये. दाराच्या चारही कडांना रबरी पट्टी बसवावी आणि ती कडक झाली, चिरली की बदलावी. मागील दार उघडे ठेवून किंवा ताडपत्रीचा मागील पडदा वर बांधून गाडी चालवू नये. पत्र्याच्या छतास बाहेरून पांढरा रंग दिल्यास उन्हाची उष्णता कमी शोषली जाते.

बाजारातील मुक्काम

बाजारात लिलावाची वाट पाहताना चालक व शेतकरी गाडीतच झोपतात. अशा वेळी इंजिन पूर्ण बंद असावे. थंडीच्या दिवसांत ऊब मिळावी म्हणून इंजिन सुरू ठेवणे किंवा छताखाली कोळशाची शेगडी वा स्टोव्ह पेटविणे सर्वथा टाळावे. त्यांतूनही हाच विषारी वायू निघतो. शेजारी दुसऱ्या गाडीचे इंजिन चालू असल्यास झोपण्याची जागा बदलावी. कोणास डोकेदुखी, मळमळ वा गुंगी जाणवल्यास त्यास ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थोड्या वेळाने बरे वाटले तरी वैद्यकीय तपासणी चुकवू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणी पुस्तकात नमूद झालेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून छताचे काम देण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. नवी गाडी घ्यावयाची असल्यास बंद हौद्याची, त्याच स्वरूपात मान्यता मिळालेली गाडी घेणे अधिक श्रेयस्कर.

गावपातळीवर करावयाची तपासणी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील छत असलेल्या गाड्यांच्या मालकांना एकत्र बोलावून पुढील तपासणी करून दाखवावी :

(१) थंड इंजिन सुरू करून सायलेन्सर व नळीचे सांधे दुरून पाहावे. फुसफुस आवाज येत असल्यास किंवा सांध्याभोवती काजळी दिसल्यास गळती आहे असे समजून ती लगेच दुरुस्त करवावी.

(२) रात्री, इंजिन बंद असताना, एकाने छताखाली बसून दार लावून घ्यावे व दुसऱ्याने बाहेरून कडेकडेने बॅटरीचा प्रकाश फिरवावा. जेथून प्रकाश आत येईल तेथे फट आहे.

(३) कच्च्या रस्त्यावरून रिकामी गाडी एक फेरी आणावी व हौद्याचा तळ पाहावा. जेथून धूळ येते, तेथूनच धूर येतो.

(४) रिकाम्या गाडीचे छतासह वजन काट्यावर करून घ्यावे आणि नोंदणी पुस्तकातील एकूण भारातून ते वजा करून किती माल भरता येईल, तो आकडा केबिनमध्ये ठळक लिहून ठेवावा.

या तपासणीस खर्च जवळजवळ काहीच नाही व वेळही फार लागत नाही. छत मालाच्या रक्षणासाठी असते. परंतु मालासोबत रात्रभर प्रवास करणारा माणूसही घरी सुखरूप परतला पाहिजे. ज्या छताखाली त्याचा श्वास सुरक्षित नाही, ते छत कितीही सोयीचे असले तरी गाडीवर ठेवू नये.