कोल्ह्याची वेळ भरती ठरवते

नवा कॅमेरा घेतलास, बरं झालं पोरा. पण सात वाजले म्हणून केळीत जाऊन बसू नकोस. आपल्या भुईगावचा कोल्हा भरती-ओहोटी बघून हिंडतो. पाणी ओसरलं की तिवरांतला चिखल उघडा पडतो, चिंबोऱ्या बाहेर निघतात. मग तो वाडीत कशाला फिरकेल? पुनवेला नि अवसेला संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी पार उतरलेलं असतं, तेव्हा खाडीकडच्या बांधावर बस. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, त्या दिवशी वाडीतच थांब. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघ आणि भरती-ओहोटीची वेळ दर दिवसाला पाऊण-एक तास पुढे सरकव.

मग वारा. संध्याकाळी तो समुद्रावरून येतो, त्यामुळे किनाऱ्याकडून येणाऱ्या कोल्ह्याला तुझा वास लागत नाही. थंडीतल्या पहाटे मात्र वारा गावाकडून पाण्याकडे वाहतो. तेव्हा त्याच्या वाटेच्या बाजूला बस, आणि ते अत्तर घरी ठेव.

वाट आधी शोधायची. बावखलाच्या, म्हणजे आपल्या तळ्याच्या, काठी ओल्या मातीत ठसे मिळतील. कुत्र्याच्या पंजापेक्षा अरुंद, लांबट. पुढच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागे एकमेकींना जुळलेल्या दिसतात. विष्ठा तो लपवत नाही, बांध जिथे मिळतात तिथे ऐटीत टाकतो. हात न लावता काडीने उकलून बघ. कवचाचे तुकडे निघाले तर स्वारी तिवरांतून आलीय, जांभळाच्या बिया निघाल्या तर आपल्याच झाडाखालून.

फ्लॅश नकोच. फोकसचा लाल दिवा आणि टिकटिक आवाजही बंद कर. कॅमेरा वाळूच्या पिशवीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठेव. उभ्याने काढलास तर नुसती पाठ येते. उजेड कमी झाला की आयएसओ ३२०० पर्यंत ने. फोटोत दाणे दिसले तरी चालतात, हललेलं थोबाड चालत नाही. रात्रीसाठी ट्रॅप कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर बांध, पण वाटेला तिरका, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं.

कोंबडीची आतडी टाकून फोटो काढणारे आहेत. त्यांचा फोटो होतो, पण कोल्हा अंगणाला सोकावतो आणि पुढे कुणाच्या तरी काठीखाली येतो. आपलं खुराडं दिवेलागणीला बंद म्हणजे बंद. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं असतात, तेव्हा बीळ हुडकायला जाऊ नकोस. मादी बिथरली की पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते.

भर दिवसा झोकांड्या खात, न बुजता अंगावर येणारा कोल्हा दिसला तर कॅमेरा खाली, पोरं घरात, आणि वनखात्याला १९२६ वर फोन. २०२४ साली चेंबूरकडच्या कोल्ह्यांत रेबीज निघाला होता. चावला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धू आणि थेट दवाखाना गाठ. हळद-चुना काही लावत बसू नकोस.

आणि फोटो कुणाला पाठवशील तर ठिकाण काढून पाठव. कोल्ह्याच्या शिंगाने लक्ष्मी येते म्हणणारे अजून आहेत. शिंग कसलं, कवटीवरचं हाड, नाहीतर चक्क बनावट! २०२२ च्या दुरुस्तीपासून कोल्हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण फासे लावणारा अनुसूची वाचत नाही. त्याला तुझ्या फोटोतला बांध ओळखू आला की पुरे.